टेबलापलीकडची माणसे

पुण्यामुंबईच्या मोठ्या हॉटेलांत दरवर्षी परदेशी शिक्षणाची प्रदर्शने भरतात. दारात नावनोंदणी, हातात कापडी पिशवी, आत रांगेने मांडलेली टेबले. प्रत्येक टेबलावर एक छोटा झेंडा, गुळगुळीत कागदाच्या पुस्तिकांचा गठ्ठा आणि पलीकडे हसतमुख माणूस. समोर आई, वडील आणि त्यांचे बावीस-तेवीस वर्षांचे अपत्य. या भेटीत एखाद्या घराची आयुष्यभराची बचत, गहाण पडू घातलेला फ्लॅट किंवा गावाकडची दोन एकर जमीन अदृश्यपणे टेबलावर ठेवलेली असते. अलीकडे बसलेल्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परदेशगमनाच्या कथा, आत्मचरित्रे, प्रवासवर्णने यांनी आपली कपाटे भरली आहेत. पलीकडे बसलेल्याविषयी मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. तो कोण? त्याला पगार कोण देतो? ‘आमच्याकडे शिकायला या’ असे सांगत जगभर फिरण्याचा व्यवसाय कधी आणि का जन्माला आला?

विद्यापीठाबाहेर राहून अहवाल, जाहीरनामे आणि शासकीय कागद चाळणाऱ्या माझ्यासारख्याला हा विषय मोहात पाडतो, कारण त्याचा इतिहास विद्वत्तेच्या इतिहासात मावत नाही आणि व्यापाराच्या इतिहासातही पुरता बसत नाही. या माणसांना आपण या लेखापुरते ‘शिक्षण-प्रचारक’ म्हणू. युरोपातील या प्रचारकांची गोष्ट साधारण सव्वाशे वर्षांची आहे. त्यांच्यावर हक्क सांगणारे तिघे होते : सरकार, विद्यापीठ आणि विद्यार्थी. पहिल्या दोघांच्या हाती पगार आणि आदेश होते, तिसऱ्याच्या हाती फक्त विश्वास. या तिघांत कोणत्या काळी कोण वरचढ ठरला, हाच या गोष्टीचा धागा आहे.

आधी पदवी, मग प्रचारक

एकोणिसाव्या शतकात जर्मनीला प्रचारक लागला नाही. प्रयोगशाळा आणि संशोधनाची परिषदपद्धती, म्हणजे प्राध्यापकाभोवती बसून चर्चेतून शिकण्याची रीत, यांची ख्यातीच एवढी होती की १९१४ पर्यंतच्या शंभर वर्षांत अंदाजे नऊ-दहा हजार अमेरिकन तरुण जर्मन विद्यापीठांत शिकून गेले. परत जाताना त्यांनी डॉक्टरेटची कल्पना नेली, आणि जर्मन यंत्रे, जर्मन पुस्तके, जर्मन विचार यांच्याविषयीची आपुलकीही नेली.

हे सर्वांत जास्त सलले ते फ्रान्सला. १८७०-७१ च्या युद्धातील पराभवाची जखम ताजी होती. अमेरिकन विद्यार्थी पॅरिसला का येत नाहीत, याचा शोध घेतला तेव्हा उत्तर अगदी व्यावहारिक निघाले. फ्रान्सची सरकारी डॉक्टरेट तेथील नोकरीच्या हक्काशी जोडलेली होती. तिच्या अटी लांबलचक, पूर्वपरीक्षा फ्रेंच शाळेच्या साच्यातल्या. परदेशी माणसाला ते दार उघडून आत येणेच जिकिरीचे. १८९५ च्या सुमारास हॅरी फर्बर या अमेरिकन गृहस्थाने फ्रेंच अधिकाऱ्यांकडे यासाठी तगादा लावला. पॅरिसमध्ये फ्रेंच-अमेरिकन समिती झाली आणि १८९७ साली ‘विद्यापीठाची डॉक्टरेट’ ही नवी पदवी निघाली. ती फ्रान्समध्ये नोकरीचा हक्क देत नव्हती. विद्यार्थ्याने शिकावे, पदवी घ्यावी आणि आपल्या देशी परतावे, हेच तिच्यामागचे गृहीत होते. परदेशी गिऱ्हाईक नजरेसमोर ठेवून घडवलेला उच्चशिक्षणातील हा एक आरंभीचा माल म्हणता येईल. पुढे १९१० मध्ये फ्रेंच विद्यापीठांचे राष्ट्रीय कार्यालय पॅरिसमध्ये उघडले आणि परदेशी विद्यार्थ्यांशी व्यवहार हे एका कचेरीचे काम बनले.

इंग्लंडचीही तीच तऱ्हा. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये डी.फिल. ही संशोधनाची पदवी सुरू केली. पहिले महायुद्ध चालू होते, जर्मनीची वाट बंद झालेली होती, आणि तिकडे जाणारा अमेरिकन ओघ आपल्याकडे वळावा हा त्यामागचा एक उघड हेतू होता. आज पीएच.डी.कडे आपण ज्ञानाची सर्वोच्च पायरी म्हणून पाहतो. ब्रिटनमधील तिच्या जन्मवेळी खोलीत परराष्ट्रधोरणही हजर होते.

आमंत्रण नव्हे, पाळत

हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या बाबतीत चित्र वेगळे होते. त्यांना कोणी बोलावत नव्हते, ते स्वतः जात होते. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला. त्याच्या पहिल्या मानकरी दोन महिला डॉक्टर होत्या : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. पैसा इथला, जिद्द इथली. विलायतेतील विद्यापीठांनी त्यासाठी काही केले नव्हते.

विलायती सरकारला या विद्यार्थ्यांची आठवण झाली ती धास्तीपोटी. १९०७ मध्ये इंडिया ऑफिसने सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे ली-वॉर्नर मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि कोल्हापूरचे पोलिटिकल एजंट राहिलेले. समितीचे दुसरे सदस्य सर कर्झन वायली. लंडनमधील हिंदुस्थानी तरुणांच्या अडचणी तपासायच्या, असे वरवरचे काम. त्यांच्या मनात काय चालले आहे ते ओळखायचे, हे आतले. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांचे ‘इंडिया हाउस’ आणि तेथे राहणारे विनायक दामोदर सावरकर यांच्यामुळे सरकारची झोप उडालेली होती. समितीचा अहवाल त्या वेळी प्रसिद्धच केला गेला नाही. तो उजेडात आला १९२२ मध्ये, लिटन समितीच्या अहवालाबरोबर.

१९०९ मध्ये हिंदुस्थानी विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सल्लागाराचे पद निर्माण झाले आणि त्यावर टी. डब्ल्यू. अर्नोल्ड यांची नेमणूक झाली. अर्नोल्ड अलीगढ आणि लाहोरला शिकवलेले, इक्बाल यांचे गुरू, खरोखरचे विद्वान. त्याच वर्षी १ जुलैला मदनलाल धिंग्राने कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. मग अर्नोल्डसारखा सज्जन माणूस सल्ला द्यायला बसला तरी समोरचा तरुण त्याच्याकडे संशयानेच पाहणार. प्रवेशासाठी शिफारसपत्र देणारा हात आणि पोलिसांना माहिती पुरवणारा हात एकच असेल काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. विद्यार्थी-सल्लागाराच्या खुर्चीत सरकार बसले की काय होते, याचा हा पहिला धडा.

हायडेलबर्गचा विद्यार्थी आणि तेरा शिष्यवृत्त्या

आता पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत जाऊ. ज्या देशाला प्रचारक लागत नव्हता, त्याची अवस्था काय झाली होती? आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक संघटनांनी जर्मनांना बाहेर ठेवले होते. १९२३ च्या चलनफुगवट्यात मध्यमवर्गाची बचत मातीमोल झाली. अशा वेळी हायडेलबर्गमध्ये आल्फ्रेड वेबर यांच्या हाताखाली शिकणारा कार्ल योआखिम फ्रीडरिख हा विशीतला विद्यार्थी अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेच्या मदतीने जर्मन विद्यार्थ्यांसाठी तेरा शिष्यवृत्त्या मिळवून आला. विषय राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. या तेरा जागांसाठी विद्यार्थी निवडायला काहीतरी यंत्रणा हवी, म्हणून १ जानेवारी १९२५ रोजी हायडेलबर्गमध्ये एक छोटी संस्था सुरू झाली. त्याच वर्षी ती बर्लिनला हलली. आज ‘डाड’ या लघुनामाने आपल्याकडे ओळखली जाणारी जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा ती हीच. १९२७ मध्ये तिची लंडन कचेरी उघडली. १९३१ मध्ये समान कामे करणाऱ्या इतर संस्था तिच्यात मिसळल्या. फ्रीडरिख स्वतः अमेरिकेतच राहिला आणि पुढे हार्वर्डचा नामांकित राज्यशास्त्रज्ञ झाला.

मला या आरंभाचे अप्रूप वाटते ते त्याच्या दिशेमुळे. फ्रीडरिख बाहेरच्यांना आत ओढायला निघाला नव्हता, कोंडलेल्या आपल्या मित्रांसाठी बाहेरचे दार ठोठावत होता. या व्यवसायाच्या मुळाशी अशी एक विद्यार्थ्याची गरजही आहे, हे पुढची कहाणी वाचताना विसरू नये.

पुढची कहाणी कडू आहे. संस्थेचे सूत्रधार झाले आडोल्फ मोर्सबाख. कैसर विल्हेल्म सोसायटीत वरिष्ठ पदावर काम केलेले हे कुशल प्रशासक. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा मोर्सबाख यांनी जुळवून घेण्याची वाट धरली. संस्था वाचली पाहिजे, विनिमय चालू राहिला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. प्रत्येक देशातल्या प्रत्येक काळच्या अधिकाऱ्याला ओळखीचा वाटेल असा. संस्थेचे अध्यक्षपद एस.ए.च्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे गेले. १९३४ च्या उन्हाळ्यात हिटलरने रोम आणि त्याच्या साथीदारांचे हत्याकांड घडवले, त्या धरपकडीत मोर्सबाखही सापडले आणि डाखाऊच्या छळछावणीत पोहोचले. सुटका झाली, पण पद गेले आणि १९३७ मध्ये ते मरण पावले. जुळवून घेऊन ना माणूस वाचला, ना संस्थेचा आत्मा. परदेशातील कचेऱ्या राजवटीच्या प्रचाराला जुंपल्या गेल्या. १९४५ मध्ये संस्था विसर्जित झाली.

याच काळात लंडनमध्ये विल्यम बेव्हरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली हकालपट्टी झालेल्या अध्यापकांना आसरा देणारी परिषद स्थापली. तिच्याकडे गुळगुळीत पुस्तिका नव्हत्या, वर्गणी होती. ब्रिटिश विद्यापीठांची पुढची कीर्ती काही अंशी अशा निर्वासित विद्वानांनी उभी केली. सर्वांत परिणामकारक प्रचार प्रचारखात्याबाहेर घडला, असे म्हणायला हरकत नाही.

बर्लिनच्या त्या दशकात मराठी माणसेही होती. १९२१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. १९२८ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांना तिकडे कोणत्या कचेरीने नेले? कोणत्याच नाही. पती दिनकर कर्वे जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले होते, ती ओळख कामी आली. प्रवासाचा खर्च जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून झाला. म्युनिकमध्ये १९२८ पासून एका जर्मन अकादमीची ‘भारत संस्था’ हिंदुस्थानी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊ लागली होती. तिच्या उभारणीत तारकनाथ दास यांच्यासारखा क्रांतिकारक होता आणि भूराजनीतीचे कार्ल हाउसहोफरही. १९२९ मध्ये काँग्रेसच्या मदतीने ए. सी. एन. नंबियार यांनी बर्लिनमध्ये माहिती केंद्र चालवले, तेही विद्यार्थ्यांना वाट दाखवत असे. म्हणजे विद्यार्थ्याच्या बाजूने बसलेला सल्लागार ही कल्पना आपल्याच लोकांनी तेव्हा करून पाहिली होती. पुढे तिची परंपरा का झाली नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.

संस्कृतीकडून बिलाकडे

ब्रिटिश कौन्सिलची स्थापना १९३४ ची, शाही सनद १९४० ची. फॅसिस्ट देशांच्या प्रचाराला उत्तर द्यायला हवे, हे परराष्ट्र खात्यातल्या रेक्स लीपर यांच्यासारख्यांनी ओळखले होते. १९३८ मध्ये पहिल्या परदेशी कचेऱ्या उघडल्या, स्वातंत्र्यानंतर लगेच १९४८ मध्ये ती भारतात आली. मुंबईच्या किंवा पुण्याच्या तिच्या वाचनालयात बसून ज्यांनी इंग्रजी पक्के केले, अशी पिढी आपल्यात आहे. त्या काळच्या कौन्सिलच्या माणसाला कोणाला काही विकायचे नव्हते. शेक्सपिअर, भाषा, शिष्यवृत्ती आणि सद्भावना एवढीच त्याची गाठोडी. जर्मनीनेही १९५० मध्ये बॉन येथे विनिमय सेवा नव्याने उभी केली आणि १९६० मध्ये दिल्लीत कचेरी थाटली.

या सद्भावनेला पहिला तडा गेला तो १९६७ मध्ये. मजूर पक्षाच्या सरकारात शिक्षणमंत्री असलेल्या अँथनी क्रॉसलंड यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी फी आणली : देशी विद्यार्थ्याला ७० पौंड, परदेशी विद्यार्थ्याला २५०. आरडाओरडा झाला, पण फीचा आकडा तसा लहान होता. खरा घाव १९७९ च्या अखेरीस बसला. थॅचर सरकारने जाहीर केले की १९८०-८१ पासून येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडून शिक्षणाचा संपूर्ण खर्च वसूल केला जाईल. कला शाखेसाठी किमान २,००० पौंड, विज्ञानासाठी ३,०००, वैद्यकासाठी ५,०००. विद्यापीठांचे अनुदान त्या प्रमाणात कापले गेले. परदेशी विद्यार्थी हा आता पाहुणा उरला नाही, अंदाजपत्रकातली जमेची बाजू झाला.

परिणाम कोठे उमटले पाहा. ब्रिटनमध्ये मलेशियाचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. १९८१ मध्ये तेथील पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी ‘ब्रिटिश माल सर्वांत शेवटी’ असे धोरण जाहीर केले. त्यामागे इतर कारणेही होती, पण वाढलेली फी हे एक ठळक कारण होते. कॉलेजच्या फीवरून ब्रिटिश कंपन्यांची कंत्राटे धोक्यात आली, तेव्हा सरकार हलले. १९८३ मध्ये परराष्ट्रमंत्री फ्रान्सिस पिम यांनी तीन वर्षांसाठी ४६ दशलक्ष पौंडांची सवलत-योजना आणली. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याची जी शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आज ‘शीव्हनिंग’ या नावाने ओळखली जाते. महाथिर यांनीही बहिष्कार मागे घेतला.

पण फी मागे घेतली गेली नाही. मग भरायची कशी ही बाकडी? १९८४ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या छत्राखाली शिक्षण-समुपदेशन सेवा सुरू झाली. विद्यापीठांनी वर्गणी भरायची आणि कौन्सिलने परदेशातील आपल्या कचेऱ्यांतून त्यांची माहिती द्यायची, प्रदर्शने भरवायची, बाजाराचे अंदाज कळवायचे. माझ्या मते आजच्या शिक्षण-प्रचारकाचा जन्म इथे झाला. त्याच्या खोलीच्या दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी होती, पण वर्गणी विद्यापीठाची होती. समुपदेशक म्हणतो, तुझ्यासाठी काय बरे ते पाहू. विक्रेता म्हणतो, माझ्याकडे काय आहे ते पाहा. एकाच माणसाने दोन्ही म्हणायचे. त्यातले अनेकजण मनापासून चांगले होते, आहेत. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाही, त्यांच्या पगारपत्रकाचा आहे.

त्यांच्या मागोमाग एजंट आला. विद्यापीठाकडून पहिल्या वर्षाच्या फीचा ठरावीक टक्का कमिशन म्हणून घ्यायचा आणि विद्यार्थ्याला ‘मोफत सल्ला’ द्यायचा, ही त्याची पद्धत. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाने एकाच घराकडून पैसे घ्यावेत आणि दुसऱ्या घराला ‘तुमच्यासाठी फुकट’ म्हणावे, तसा हा प्रकार. आपल्या आज्यांना त्यातली खोच लगेच कळली असती.

१८ आणि १९ जून १९९९

ब्रिटनबाहेरच्या युरोपात वारे दुसरीकडून वाहत होते. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी शेजारच्या देशात शिकून आले. त्यांची कागदपत्रे, राहण्याची सोय, गुणांची देवघेव हे पाहायला विद्यापीठांत एकेक कारकून नेमला गेला. बघता बघता त्या कारकुनाचा विभाग झाला आणि विभागाचा व्यवसाय. १९८९ च्या डिसेंबरात अ‍ॅमस्टरडॅममध्ये या मंडळींची युरोपीय संघटना स्थापन झाली. बर्लिनची भिंत पडून महिनाही झाला नव्हता किंवा जेमतेम झाला होता, आणि युरोप आपल्यातच मोकळा होत होता. १९९३ मध्ये राष्ट्रीय विनिमय संस्थांनी ब्रुसेल्समध्ये आपली संयुक्त संघटना केली.

मग १९९८. मे महिन्यात फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन यांच्या मंत्र्यांनी सोरबॉनमध्ये पदव्यांच्या समान रचनेचा जाहीरनामा केला. फ्रान्सच्या वतीने सही करणारे क्लोद अलेग्र यांनीच काही महिन्यांनी, नोव्हेंबरात, ‘एदुफ्रान्स’ ही संस्था उभी केली. तिचे काम फ्रेंच शिक्षण जगात विकणे. ‘विकणे’ हा शब्द फ्रेंच प्राध्यापकांना झोंबला. शिक्षण ही सार्वजनिक सेवा आहे असे मानणाऱ्या देशात तिची निर्यात करणारी कचेरी हा विरोधाभास वाटणे साहजिक होते. २००७ मध्ये तिचे ‘कँपस फ्रान्स’ झाले.

पुढच्या वर्षी दोन दिवस लागोपाठ आले. १८ जून १९९९ रोजी टोनी ब्लेअर यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये भाषण करून परदेशी विद्यार्थ्यांसाठी मोहीम जाहीर केली. इंग्रजी भाषक देशांच्या बाजारपेठेचा २५ टक्के हिस्सा आणि २००५ पर्यंत उच्चशिक्षणात ५०,००० जादा विद्यार्थी, असे आकड्यांत बांधलेले लक्ष्य. दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, बोलोन्या येथे २९ देशांच्या मंत्र्यांनी सही केली. भाषा वेगळी होती, युरोपची सांस्कृतिक परंपरा वगैरे. पण त्या जाहीरनाम्यातही युरोपीय उच्चशिक्षणाची जागतिक स्पर्धाक्षमता वाढवण्याचे उद्दिष्ट स्पष्ट नोंदवलेले आहे. एकीकडे बाजार, दुसरीकडे संस्कृती, आणि दोहोंच्या मध्ये प्रचारक.

बोलोन्यानंतर बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ही घडण रुळली. बी.ए., एम.ए.च्या आपल्या सवयीला ती ओळखीची वाटली. त्याआधी जर्मन ‘डिप्लोम’ म्हणजे नेमके काय हे घरी समजावताना विद्यार्थ्यांची पुरेवाट होई. जर्मनीने २००१ मध्ये विद्यापीठांच्या विपणनासाठी संयुक्त मंडळ काढले, युरोपीय संघाने २००४ मध्ये ‘इरॅस्मस मुंडुस’ शिष्यवृत्त्या आणल्या आणि त्यांत भारतीय विद्यार्थ्यांनी मोठा वाटा उचलला. २००९ च्या लूवेन बैठकीनंतर बोलोन्या देशांच्या प्रचारकांचे एक समाईक जाळेही विणले गेले. त्यांनी मिळून ‘युरोपीय उच्चशिक्षण’ जगापुढे मांडावे ही अपेक्षा.

ती फारशी फळली नाही, आणि कारण साधे आहे. कोकणातला बागायतदार देवगडचा हापूस विकतो, रत्नागिरीचा विकतो. ‘भारतीय फळ’ म्हणून कोणी पेटी विकत नाही. जर्मन कचेरीला पैसा जर्मन करदात्याचा, फ्रेंच कचेरीला फ्रेंच करदात्याचा. समोरचा विद्यार्थी लायडनऐवजी ल्योंला गेला तर युरोप जिंकला, पण डच प्रचारक हरला. समाईक माहितीपत्रक छापणे सोपे होते. हा हिशेब समाईक करणे कोणालाच जमले नाही.

‘या’ आणि ‘थांबा’

फी नसणे हीच स्वीडनची मोठी जाहिरात होती. २०११ च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तेथे फी लागू झाली आणि स्वतःहून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या जवळपास चार-पंचमांशाने कोसळली. त्याआधी २००६ मध्ये डेन्मार्क, नंतर २०१७ मध्ये फिनलंड, २०२३ मध्ये नॉर्वे. फ्रान्सने २०१८ मध्ये जी योजना जाहीर केली तिचे नाव ‘फ्रान्समध्ये स्वागत’. २०२७ पर्यंत पाच लाख परदेशी विद्यार्थी हे तिचे लक्ष्य. तिच्याच पोटात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी नवी फी होती : पदवीला १७० ऐवजी २,७७० युरो, पदव्युत्तरला २४३ ऐवजी ३,७७० युरो. अनेक विद्यापीठांनी ती लावायला नकार दिला किंवा सूट दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

ब्रिटनमध्ये २०१२ हे वर्ष या व्यवसायाची सर्वांत कठोर परीक्षा घेणारे ठरले. एप्रिलमध्ये शिक्षणानंतर काम करण्याचा परवाना बंद झाला. ऑगस्टमध्ये सरकारने लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेतला. दोन हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी, ज्यांनी फी भरली होती, घर सोडले होते, ते सत्र सुरू होण्याच्या तोंडावर अधांतरी लटकले. न्यायालयाच्या हस्तक्षेपाने त्यांतल्या अनेकांना शिकत राहता आले, परवानाही पुढे मिळाला. पण या विद्यार्थ्यांना ‘या’ म्हणणाऱ्या प्रचारकाचा त्या निर्णयात काही हात नव्हता आणि तो थांबवण्याचे काही साधनही नव्हते. बोलावण्याचे काम एका खात्याकडे, दार लावण्याचे दुसऱ्याकडे. गंमत अशी की त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी एजंटांच्या नीतिमत्तेचा जाहीरनामा लंडनमध्ये केला होता. एजंटाने खरे बोलावे, हे रास्तच. पण सरकार आपला शब्द किती वर्षे पाळेल, याबद्दलचा जाहीरनामा कोणी केला नाही. कामाचा परवाना २०२१ मध्ये परत आला, २०२१-२२ मध्ये ब्रिटनमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १,२६,५३५ वर गेली आणि २०२४ च्या जानेवारीपासून बहुतेकांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी झाली. दार उघडे, दार बंद, पुन्हा अर्धे उघडे.

नेदरलंड्सने तर प्रचारकालाच गप्प केले. नुफिक ही तेथील संस्था १९५२ ची. बेंगळुरूसह अनेक देशांत तिच्या शिक्षण-कचेऱ्या होत्या. शहरांत विद्यार्थ्यांना राहायला खोल्या मिळेनात, इंग्रजीचा वापर डचला मागे सारतो अशी ओरड सुरू झाली. कचेऱ्यांची ही साखळी गुंडाळली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये शिक्षणमंत्री रॉबर्ट डाइकग्राफ यांनी विद्यापीठांना परदेशात सक्रिय भरती थांबवण्यास सांगितले. पंधरा-वीस वर्षे ज्या कामाबद्दल पाठ थोपटली गेली, तेच काम एका पत्राने अनुचित ठरले.

जर्मनी याच्या उलट दिशेला निघालेला दिसतो. तेथे २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आले, संख्या सुमारे ४३ हजार. पुढच्या वर्षी ती ४९ हजारांवर गेली. महाराष्ट्राशी थेट नाते असलेले उदाहरण त्यातच आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग हे जर्मन राज्य. त्याची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. या राज्याने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो फी लावली. त्याच राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. विद्यार्थ्याला फी आणि कामगाराला आमंत्रण. दोन्ही निर्णय आपापल्या जागी तर्काला धरून आहेत. म्हातारी होत चाललेली लोकसंख्या आणि रिकामी पडलेली यंत्रे यांना तरुण हात हवे आहेत. यापुढे शिक्षण-प्रचारकाच्या टेबलावर पदवीच्या पुस्तिकेशेजारी नोकरीचा अर्जही दिसू लागेल, आणि पाहुणा, गिऱ्हाईक यांच्यानंतर विद्यार्थ्याची तिसरी ओळख ‘मनुष्यबळ’ अशी असेल.

तिसऱ्या धन्याचे काय?

या सव्वाशे वर्षांत वाईट माणसे थोडी भेटतात. अर्नोल्ड विद्वान होते, फ्रीडरिख मित्रांसाठी धडपडणारा तरुण, आजचे बहुतेक प्रचारक आपल्या देशावर आणि कामावर प्रेम करणारे. तरीही विद्यार्थ्याच्या वाट्याला अनिश्चितता आली, कारण व्यवस्थेने त्याच्या बाजूने उत्तरदायी असा कोणीच ठेवला नाही. प्रचारकाने किती विद्यार्थी आणले हे मोजले जाते. त्यांचे पाच वर्षांनी काय झाले, कर्ज फिटले का, हे त्याच्या कामाच्या मोजमापात सहसा येत नाही.

म्हणून टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांनी काही प्रश्न बरोबर न्यावेत. तुम्हाला पगार सरकार देते, विद्यापीठ देते की कमिशन? प्रवेश तुमच्या हाती आहे, पण राहण्याची आणि कामाची परवानगी कोणत्या खात्याच्या हाती, आणि ते नियम गेल्या दहा वर्षांत कितीदा बदलले? फी पुढच्या वर्षी वाढली तर आधी दाखल झालेल्यांना जुनीच राहील का? हे विचारणे उद्धटपणा नव्हे. चांगला प्रचारक या प्रश्नांनी सुखावतो, कारण त्यामुळे त्याला विक्रेत्याचा अंगरखा उतरवून समुपदेशक होता येते.

आणि आपल्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासन २००३ पासून अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. म्हणजे हजारो मैलांवरच्या विद्यापीठांत आपला सार्वजनिक पैसा जातो. तो देणाऱ्याला तिकडे प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे. १९२९ च्या बर्लिनमध्ये तुटपुंज्या साधनांवर विद्यार्थ्यांच्या बाजूने बसणारे एक केंद्र चालले होते. आज लाखांनी मुले जात असताना तसे टेबल आपल्या बाजूने कोणी मांडलेले दिसत नाही. तेरा शिष्यवृत्त्यांसाठी एका विद्यार्थ्याने संस्था उभी केली होती. आपल्याला निदान एक खुर्ची तरी मांडता यावी.